वारसाने आलेली जुनी रायफल आणि तिची काडतुसं: ठाणे-नवी मुंबईकरांनी काय करावं, कोणत्या क्रमाने

परवानाधारक गेल्यावर घरात दोन गोष्टी मागे राहतात. कपाटातली रायफल आणि कुठल्या तरी डब्यातली जुनी काडतुसं. घरचे बहुतेकदा दोन्हींकडे एकच वस्तू म्हणून बघतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. रायफल नावावर करून घेता येते, दुरुस्त करता येते, विकता येते. चाळीस-पन्नास वर्षं पडून असलेल्या काडतुसांचं तसं नाही. ती वापरायची नाहीत, आणि घरी नवीन भरायचीही नाहीत. खालचा क्रम पाळलात तर पोलीस ठाण्याचे हेलपाटे कमी होतील आणि बोटंही शाबूत राहतील.

१. आधी रायफल रिकामी आहे का ते बघा, मग बाजूला व्हा

जुन्या घरांत भरलेली रायफल कपाटात उभी असणं अजिबात अशक्य नाही. नळीचं तोंड जाड भिंतीकडे किंवा जमिनीकडे ठेवा, माणसाकडे नको. फ्लॅटमधली विटेची पातळ भिंत जाड धरू नका, पलीकडे शेजारी राहतात. बोट चापापासून लांब. बोल्ट रायफल (मागे सरकणाऱ्या दट्ट्याची) असेल तर हँडल वर उचलून मागे ओढा, चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागी, डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालून चाचपा. अंधाऱ्या खोलीत काळपटलेलं काडतूस नुसतं बघून कळत नाही. मॅगझिन, म्हणजे काडतुसांचा खणही तपासा. डबल बॅरल असेल तर वरची कळ बाजूला ढकलून नळ्या बिजागरीवर खाली वाकवून उघडा.

बोल्ट गंजून अडकला असेल तर हातोडी, पाना, डब्ल्यूडी-४० काही नको. आहे तशी ठेवा आणि पोलिसांना तसं सांगा. या टप्प्यावर परवाना तुमच्या नावावर नाही, त्यामुळे साफसफाई, फोटोसाठी हातात धरून उभं राहणं आणि ते फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकणं, सगळंच टाळायचं.

२. रायफल जमा करा, पावती घ्या

परवानाधारकाच्या मृत्यूनंतर घरातलं शस्त्र विनापरवाना ठरतं. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ नुसार ते विनाकारण उशीर न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. ‘तेरावं होऊ दे, मग बघू’ इथपर्यंत ठीक, पण ‘दिवाळीनंतर बघू’ महागात पडतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र बाळगण्याची किमान शिक्षा दोन वर्षं आहे, कमाल पाच.

रायफल रिक्षात टाकून स्वतः घेऊन जाऊ नका. आधी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या: परवानाधारकाचं नाव, मृत्यूची तारीख, परवाना क्रमांक, शस्त्राचा प्रकार आणि नंबर, काडतुसांची संख्या. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शस्त्र कसं आणायचं ते तेच सांगतील, अनेकदा कर्मचारी घरी येऊन ताब्यात घेतात.

जमा पावतीवर चार गोष्टी असल्याच पाहिजेत. रायफलीचा नंबर, मेक आणि बोअर (नळीच्या आणि काडतुसाच्या मापाचा आकडा), दस्त्याची आणि नळीची आत्ताची अवस्था, आणि काडतुसांचा आकडा. ‘एक जुनी रायफल’ एवढंच लिहिलेली पावती घेऊन घरी येऊ नका. पुढे दस्ता तडकलेला परत मिळाला तर बोलायला जागा उरत नाही. जमा शस्त्र परत घेण्याची किंवा विकण्याची मुदत ठरलेली असते आणि ती उलटली तर शस्त्र सरकारजमा होऊ शकतं. म्हणून ती तारीख पावतीवरच लिहून घ्या. पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत दमटपणा भरपूर, त्यामुळे रायफल मौल्यवान असेल तर भाडं देऊन विक्रेत्याकडे जमा करणं परवडतं.

३. तुमचं परवाना कार्यालय नेमकं कोणतं?

ठाणे जिल्ह्यात राहता म्हणजे ठाणे पोलीस आयुक्तालय, असं नाही. ठाणे शहर, कळवा, मुंब्रा, भिवंडी शहर, डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा पट्टा ठाणे आयुक्तालयात येतो. मुरबाड, शहापूर ग्रामीणमध्ये, तिथे परवाना जिल्हाधिकारी देतात. मीरा-भाईंदर २०२० पासून वसई-विरारसोबतच्या वेगळ्या आयुक्तालयात गेलं. ऐरोली, घणसोली, वाशी, नेरुळ महसुली हिशेबाने ठाणे जिल्ह्यात आणि खारघर, पनवेल, उरण रायगडमध्ये, पण पोलिसांच्या हिशेबाने ही सगळी नवी मुंबई आयुक्तालयात. आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना पोलीस आयुक्त देतात, जिल्हाधिकारी नाही. चुकीच्या खिडकीवर दिलेला अर्ज पुढे पाठवला जाईल या भरवशावर राहू नका.

अर्ज वारसाच्या राहत्या पत्त्यावरून होतो. आजोबांचा परवाना रत्नागिरीचा किंवा साताऱ्याचा असेल आणि तुम्ही घोडबंदर रोडला राहत असाल, तर अर्ज ठाण्यात, पण मूळ परवान्याची पडताळणी तिकडच्या कार्यालयाकडून. ही पत्रापत्री सर्वांत जास्त वेळ खाते. गावाला जाऊन तिथल्या नोंदवहीतली नोंद आपणच शोधून, तिची प्रमाणित प्रत अर्जाला जोडली तर काम बरंच हलकं होतं.

कोकणातल्या कुटुंबांसाठी आणखी एक अडचण. तिथले पुष्कळ परवाने शेतीसंरक्षणाचे असतात. रानडुकरं आणि माकडांपासून पीक वाचवणं हे त्याचं कारण, आणि ते कारण जमिनीला बांधलेलं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या नातवाला त्या कारणावर परवाना मागता येत नाही. गावात शेती बघणारा भाऊ किंवा चुलतभाऊ असेल तर त्याच्या नावावर मागणं सरळ.

४. कागदपत्रं

शस्त्र नियम २०१६ च्या नियम २५ मध्ये वारसाला परवाना देण्याची सोय आहे. हयातीतही चालतं: परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असेल, तर तो वारस सुचवू शकतो. घरात असे आजोबा असतील तर हा मार्ग आत्ताच धरा, मागून सगळ्या भावंडांच्या सह्या गोळा करण्यापेक्षा फार सोपा आहे. वारसाचं वय २१ पूर्ण हवं.

अर्ज राष्ट्रीय शस्त्र परवाना माहितीसंचाच्या पोर्टलवर भरायचा आणि छापील प्रत सह्या करून कार्यालयात द्यायची. सोबत लागणारे कागद:

- नमुना ए-१ मधला अर्ज, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे फोटो
- मूळ परवाना, सर्व पानांसकट, आणि त्यावरचा युनिक ओळख क्रमांक
- मृत्यू दाखला
- वारस दाखला आणि बाकी सर्व वारसांची नाहरकत प्रतिज्ञापत्रं
- ओळख, जन्मतारीख आणि राहत्या पत्त्याचे पुरावे
- शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, नमुना एस-१
- शारीरिक आणि मानसिक आरोग्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र, नमुना एस-३
- शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र
- जमा पावती

नाहरकतीत लग्न होऊन गेलेल्या आत्या आणि बहिणी हमखास राहून जातात. त्या वारस आहेत, त्यांची सही लागते. प्रतिज्ञापत्र कितीच्या स्टॅम्पवर हवं ते कार्यालयात विचारूनच करा, कोर्टाबाहेरच्या टायपिस्टच्या सांगण्यावरून नको. मूळ परवान्यावर ओळख क्रमांकच नसेल तर तो परवाना अवैध धरला जातो, आणि मग प्रकरण नुसत्या नावबदलाचं राहत नाही. हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

२०१९ पासून एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन बंदुका राहू शकतात आणि वारशालाही ही मर्यादा लागू आहे. तुमच्याकडे आधीच दोन असतील तर तिसरी दुसऱ्या वारसाच्या नावावर करा किंवा विक्रेत्यामार्फत विका.

‘फार जुनी आहे, म्हणजे परवाना लागत नाही’ ही समजूत सर्वांत घातक. कलम ४५ मधली सूट जुनाट किंवा मोडक्या शस्त्राला आहे खरी, पण ते दुरुस्त करूनही चालवता येणार नाही, अशा अवस्थेत असलं तरच. १९१० ची जर्मन माउझर रायफल नीट तेलपाणी केली की आजही चालते, तेव्हा ती या सवलतीत बसत नाही.

५. बोअर ओळखा: नळीवरच्या नावावर विसंबू नका

अर्जात बोअर चुकला तर प्रकरण परत येतं. काडतूस चुकलं तर चेंबर फुटतो. म्हणून इथे वेळ घाला.

पहिला प्रश्न: रायफल निषिद्ध बोअरची आहे का? .३०३ आणि ७.६२ मिमीची लष्करी काडतुसं ज्या रायफलीत बसतात आणि चालतात, त्या या वर्गात मोडतात. अशा रायफलीचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो, आयुक्तालयातून फक्त कागद पुढे जातात. यामागची भीती इंग्रजांपासून चालत आलेली. सरकारी दारूगोळा बंडखोरांच्या हाती लागून वापरला जाऊ नये म्हणून त्यांनी १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात .४५० बोअरच्या शिकारी रायफलींवर बंदी घातली, आणि विलायतेतल्या बंदूक कारखानदारांनी त्या जागी .४६५, .४७०, .४७५ असे नवे बोअर काढले. संस्थानिकांच्या आणि जुन्या शिकाऱ्यांच्या घरांत हे विचित्र आकडे दिसतात ते त्यामुळे. ईशापूरच्या कारखान्यातली .३१५ हीसुद्धा लष्करी .३०३ पासून मुद्दाम वेगळी ठेवलेली.

आता फसवे आकडे. .३१८ वेस्टली रिचर्ड्सची गोळी प्रत्यक्षात .३३० इंचाची असते. .२७५ रिग्बी, म्हणजे शिकारी-लेखक जिम कॉर्बेट यांच्याकडे होती ती, आणि ७×५७ माउझर एकच. .२७५ हॉलंड अँड हॉलंड मात्र पूर्ण वेगळं काडतूस. .३७५ मध्ये कडा असलेलं २½ इंची, कडा असलेलं मॅग्नम आणि पट्टा असलेलं मॅग्नम असे तीन वेगळे प्रकार आहेत. .४५०/४०० तीन लांब्यांत येतं: २⅜, ३ आणि ३¼ इंच. जर्मन ८×५७ मध्ये जुन्या नळ्यांना .३१८ इंचाची गोळी लागते, तर १९०५ नंतरच्या लष्करी काडतुसात .३२३ ची आली. जाड गोळी अरुंद नळीत गेली की दाब बेफाम वाढतो.

सर्वांत वाईट सापळा .५०० एक्स्प्रेसचा. जुन्या काळ्या बंदुकीच्या दारूची ३ इंची आवृत्ती आणि नंतरच्या, जास्त दाबाच्या बिनधुराच्या दारूची नायट्रो एक्स्प्रेस बाहेरून सारख्याच दिसतात, एकमेकींच्या चेंबरमध्ये सहज बसतात. पण काळ्या दारूसाठी बांधलेल्या नळीत नायट्रोचा दाब झेलण्याची ताकद नसते. फरक कळतो तो नळीच्या खालच्या बाजूच्या प्रूफ शिक्क्यांवरून, म्हणजे दाबाची चाचणी झाल्याच्या खुणांवरून. ब्रिटिश डबल रायफलवर ‘कॉर्डाइट ६०-४०० मॅक्स’ असं काही कोरलेलं असतं: ६० ग्रेन (वजनाचं छोटं माप) कॉर्डाइट, म्हणजे जुनी बिनधुराची दारू, ४०० ग्रेनची गोळी, त्यापुढे नाही. हे शिक्के दस्त्याच्या लाकडाखाली झाकलेले असतात, ते उघडणं बंदूक दुरुस्ती कारागिराचं काम.

कारागीर खात्रीसाठी चेंबरचा साचा घेतो. त्यासाठी ७०-९० अंशांना वितळणारा खास मिश्रधातू असतो. तो ओतून, थंड होऊ देऊन बाहेर काढतात आणि व्हर्नियरने कडा, बूड, खांदा, मान आणि एकूण लांबी मोजतात. मेण किंवा एम-सील ओतण्याचे उद्योग करू नका. मेण आक्रसतं, एम-सील निघतच नाही. कारागिराकडे दुरुस्तीचा परवाना आहे ना, तेवढं बघा. कलम ५ नुसार दुरुस्तीलाही तो लागतो.

६. डब्यातली जुनी काडतुसं

बुडावरचा ठसा भिंगातून वाचा. ‘के एफ’ म्हणजे खडकीचा कारखाना. किनॉक, ईली, डीडब्ल्यूएम ही जुनी परदेशी नावं. ठसा आणि संख्या कागदावर टिपून घ्या, कारण पोलिसांना देताना यादी लागते.

मग प्रत्येक काडतूस उजेडात फिरवून बघा, चोळू नका:

मानेजवळ उभी बारीक भेग असेल तर ती पितळ तडकल्याची खूण. ताण राहिलेलं पितळ आणि अमोनिया एकत्र आले की हे होतं. ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्याजवळ ठेवली जात तेव्हा अशीच तडकत, आणि त्याचं कारण अमोनिया असल्याचं १९२१ मध्ये स्पष्ट झालं. आजच्या घरात तो अमोनिया काच पुसण्याच्या किंवा फरशीच्या काही द्रावणांतून येतो.

गोळीच्या सांध्याशी किंवा बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीभोवती हिरवी बुरशीसारखी पूड म्हणजे आत दमटपणा पोचला. जुन्या टोप्यांमध्ये पाऱ्याचं संयुग असे, ते बार उडाल्यावर पितळाला आतून ठिसूळ करतं आणि बाहेरून काही दिसत नाही. दारू बिघडली असेल तर चाप ओढल्यावर दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, आणि बोल्ट उघडायला हात गेला की बार उडतो. दुसरी शक्यता अर्धवट बार: गोळी नळीत अडकते आणि पुढची गोळी तिच्यावर आदळून नळी फुगते किंवा फाटते.

तेव्हा निकाल सोपा आहे. चकचकीत दिसणारी असोत वा काळवंडलेली, ही काडतुसं झाडायची नाहीत. पितांबरी किंवा चिंच लावून घासायचीही नाहीत. आम्लाने पितळातलं जस्त निघून जातं, पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, कमजोर होते आणि ठसाही पुसट होतो. गोळी उपटून दारू काढणं, भंगारवाल्याला देणं, खाडीत सोडणं, होळीत टाकणं हे सगळे प्रकार होतात, आणि प्रत्येकात कुणाचा तरी हात जाऊ शकतो. यादीसकट पोलीस ठाण्यात लेखी सुपूर्द करा, पोच घ्या.

एखादं काडतूस जुन्या कोटाच्या खिशात किंवा प्रवासी बॅगेत राहिलंय का तेही बघा. विमानतळाच्या तपासणीत एक काडतूस सापडलं तरी गुन्हा नोंदतो. माहीत नव्हतं हा बचाव न्यायालयात टिकू शकतो, पण तोवर विमान चुकतं, आणि वकील व तारखा चुकत नाहीत.

७. ‘काडतूस मिळत नाही, मग घरीच भरू’

जुन्या बोअरची काडतुसं बाजारात नसतात आणि परदेशी व्हिडिओंमध्ये लोक गॅरेजमध्ये बसून आरामात भरताना दिसतात. तिकडे ते कायदेशीर आहे. आपल्याकडे कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही आणि साधा बाळगण्याचा परवाना त्याला पुरत नाही. २०१९ नंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप.

लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट व्याख्येत आहे. कलम २ मध्ये ‘दारूगोळा’ या शब्दात काडतुसाचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रंही धरली आहेत. म्हणजे परदेशातून मागवलेला काडतूस भरायचा प्रेस, त्याचे साचे (डाय), टोप्या, दारूचा डबा हे सगळं ‘सुटे भाग आहेत’ म्हणून सुटत नाही. कस्टममध्ये पार्सल अडकलं की पत्ता तुमचाच असतो. झाडलेल्या पुंगळ्याही हिशेबात ठेवा, पेपरवेट म्हणून वाटू नका.

कायदा बाजूला ठेवला तरी जुन्या बोअरला घरगुती भरणी हा जुगार आहे. चेंबरचं माप अनिश्चित, नळीची ताकद अनिश्चित, पुंगळ्यांना दोन छिद्रांची जुनी बर्डन टोपी, आणि कॉर्डाइटच्या जागी आजची दारू मापाला माप घातली तर दाब कुठे जाईल याचा नेम नाही. काडतूस हवंच असेल तर परवान्यावर बोअर नीट नोंदवून परवानाधारक विक्रेत्याकडे मागणी नोंदवा. .३१५ आणि .३०-०६ ला त्यातल्या त्यात वाव असतो. .४७० सारख्यात बहुतेकदा रायफल न झाडता जतन करणं हाच शहाणपणा.

८. परवाना हातात आल्यावर: साफसफाई

जुन्या टोप्यांतून नळीत पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे एक प्रकारचं मीठच, बसतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि नळी आतून खड्ड्याखड्ड्यांची होते. तेलात ते विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून पहिली सफाई तेलाने नको. बोल्ट काढा, चेंबरच्या बाजूने नरसाळ्यातून अर्धा-पाऊण लिटर कढत पाणी ओता, लाकडाला लागू देऊ नका. मग कोरड्या सुती चिंध्या, त्या कोरड्याच बाहेर येईपर्यंत. शेवटी बंदुकीच्या तेलाचा पातळ हात.

खोबरेल नको. थंडीत ते गोठतं, नंतर चिकट होऊन बोल्टमध्ये बसतं. नळीच्या बाहेरचा निळसर-काळा मुलामा पॉलिशने चमकवू नका, त्याने जुन्या रायफलीची किंमत निम्म्यावर येते आणि नंबर घासला गेला तर वेगळंच प्रकरण उभं राहतं.

९. ठेवायची कुठे

चामड्याच्या किंवा कापडी म्यानात कधीच नाही. म्यान दमटपणा धरून ठेवतं, चामड्यातली रसायनं लोखंड खातात. भिंतीला बोल्टने पक्कं केलेलं लोखंडी कपाट, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं. ठाणे-वाशीच्या पावसाळ्यात खाडीकडच्या फ्लॅटमध्ये हे विशेष जाणवतं. कपाटात सिलिका जेल ठेवा, निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर वाळवून परत वापरा. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला तेलाचा हात फिरवा.

नवीन घेतलेली काडतुसं वेगळ्या कुलपात. शेवटच्या मजल्याचा माळा नको, स्लॅबच्या उन्हाने तिथे भट्टी होते आणि दारू लवकर बिघडते. परवान्यावर लिहिलेल्या संख्येपेक्षा एकही जास्त नको. खरेदीची पावती परवान्याच्या फाइलमध्येच.

परवाना आता पाच वर्षांचा असतो, नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या दोन-अडीच महिने आधी टाका. वाशीहून ठाण्याला घर बदललं तर आयुक्तालय बदलतं, दोन्हीकडे कळवावं लागतं. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याची नोटीस आली तर ते जमा करा, आणि पावतीवर पुन्हा नंबर, बोअर, अवस्था आणि काडतुसांचा आकडा तपासूनच सही करा.